हात बसला, नजर बसायची होती: सीसीआयई लॅबच्या दुसऱ्या तयारीविषयी

पुढच्या महिन्यात मी नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या सीसीआयई एंटरप्राइझ इन्फ्रास्ट्रक्चर या तज्ज्ञ पातळीच्या लॅब, म्हणजे प्रात्यक्षिक, परीक्षेला दुसऱ्यांदा बसणार आहे. पहिल्या वेळी मी अनुत्तीर्ण झालो. त्यानंतरच्या नऊ महिन्यांत मी तयारीची पद्धत मुळापासून बदलली आणि हा लेख त्या बदलाविषयी आहे. पुण्यात, नाशकात, नागपुरात नेटवर्किंगच्या क्षेत्रात काम करणारे अनेक तरुण सहकारी मला या परीक्षेबद्दल विचारतात. प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्याने सांगताना महत्त्वाची गोष्ट नेमकी निसटते, असे लक्षात आल्यामुळे एकदा सलग लिहावे असे ठरवले. परीक्षेत काय विचारले याबद्दल मात्र इथे एक अक्षरही नसेल. परीक्षार्थीने गोपनीयतेचा करार मान्य केलेला असतो आणि तो मी मनापासून पाळतो. पुढे येणारी सर्व उदाहरणे माझ्या घरच्या सरावातली आहेत.

ज्यांना या परीक्षेची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सीसीआयई १९९३ साली सुरू झाली. प्रमाणपत्रांचे क्रमांक १०२४ पासून सुरू होतात आणि तो पहिला क्रमांक कोणा व्यक्तीला न देता खुद्द लॅबलाच देण्यात आला, ही गोष्ट मला फार आवडते. सुरुवातीला परीक्षा दोन दिवस चालत असे. ऑक्टोबर २००१ पासून ती एका दिवसाची झाली. आज आधी एन्कोर नावाची १२० मिनिटांची लेखी पात्रता परीक्षा द्यावी लागते आणि ती उत्तीर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत लॅबला बसावे लागते. लेखीचे शुल्क ४०० डॉलर आणि लॅबचे १६०० डॉलर आहे. पगारदार माणसासाठी ही रक्कम लहान नाही, त्यामुळे पुन्हा बसण्याचा निर्णय घेण्याआधी घरात सर्वांनी बसून हिशेब मांडला होता.

लॅब आठ तासांची असते. फेब्रुवारी २०२० मध्ये अभ्यासक्रम बदलला तेव्हापासून तिचे दोन भाग झाले आहेत. पहिल्या तीन तासांत डिझाइनचा भाग असतो. त्यात एकाही राउटरला हात लावायचा नसतो. ईमेल, आराखडे आणि कागदपत्रे वाचून निर्णय द्यायचे असतात, आणि एकदा पुढे गेले की मागच्या प्रश्नाकडे परत येता येत नाही. उरलेल्या पाच तासांत प्रत्यक्ष नेटवर्क उभारणे, त्यातील बिघाड शोधणे आणि ते सुधारणे हे काम असते. स्वतःची टिपणे आत नेता येत नाहीत. सिस्कोची अधिकृत दस्तऐवजे तेवढी पाहता येतात. एखाद्या टास्कमध्ये चार अटी असतील आणि तीन पूर्ण झाल्या असतील, तर त्या टास्कचे पाऊण गुण मिळत नाहीत, काहीच मिळत नाहीत. हा नियम मला पहिल्या दिवसापासून माहीत होता, पण माझ्या सरावात तो कुठेच उतरलेला नव्हता.

माझ्या पहिल्या तयारीचा सगळा भर वेगावर होता. धायरीच्या आमच्या घरात गॅलरीला लागून एक छोटी खोली आहे, तिथे १२८ जीबी रॅमचा एक जुना सर्व्हर घेऊन ठेवला आणि त्यावर ईव्ह-एनजी हे संगणकातच राउटरांचे नेटवर्क उभारणारे सॉफ्टवेअर बसवले. पहाटे साडेचार ते सात हा माझा लॅबचा वेळ होता. रात्रपाळीच्या आठवड्यांत तो दुपारी सरकत असे. घड्याळ लावून मी तेच तेच टास्क करत असे. डीएमव्हीपीएनचा (मुख्य कार्यालय आणि शाखा यांना टनेलने, म्हणजे आभासी दुव्यांनी, जोडणाऱ्या जाळ्याचा) तिसरा टप्पा, म्हणजे हबवर (मुख्य टोकावर) रीडायरेक्ट आणि स्पोकवर (शाखेच्या टोकावर) शॉर्टकट, हे एक हब आणि तीन स्पोक धरून मी सुरुवातीला पन्नास मिनिटांत करत होतो. पाच महिन्यांनी तेच काम चौदा मिनिटांत होऊ लागले. एमपीएलएसचे एल-थ्री व्हीपीएन, बीजीपी या रूटिंग प्रोटोकॉलच्या पॉलिसी, मल्टिकास्टचे आरपी, अशा इतर सगळ्या टास्कचेही असेच. कॉन्फिग, म्हणजे राउटरला द्यायच्या सूचना, नोटपॅडमध्ये लिहायची, एका दमात राउटरवर टाकायची आणि पुढच्या टास्ककडे वळायचे. हात उत्तम बसला होता. बोटे विचार करण्याआधीच चालत होती आणि त्यालाच मी तयारी समजत होतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी उद्यान एक्स्प्रेसने बेंगळुरूला पोहोचलो. परीक्षेतला डिझाइनचा भाग बरा गेला असे वाटले. दुसऱ्या भागात मी वेळेच्या पुढे होतो. जवळजवळ सर्व टास्क संपवून, शेवटच्या चाळीस मिनिटांत मी तपासायला सुरुवात केली, आणि सुरुवातीला केलेल्या ज्या गोष्टी तेव्हा नीट चालत होत्या त्यांतल्या काही आता चालत नव्हत्या. मधल्या कुठल्यातरी टास्कने आधीचे काहीतरी मोडले होते. कोणत्या टास्कने मोडले हे शोधायचे तर मागच्या चार तासांत टाकलेली प्रत्येक ओळ संशयित होती. चाळीस मिनिटांत ते जमण्यासारखे नव्हते. निकालात विभागवार टक्केवारी कळते, पण नेमका कोणता टास्क कोणत्या अटीवर गेला हे कोणी सांगत नाही. परतीच्या प्रवासात सोलापूर येईपर्यंत मी आठवेल तेवढे कागदावर मांडत होतो. प्रश्न नव्हेत, मी किती वाजता काय करत होतो ते. तो कागद पाहिल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. दुसऱ्या भागाच्या पहिल्या चार तासांत मी ‘शो’ने सुरू होणारी, म्हणजे राउटरची स्थिती दाखवणारी, कमांड फार थोड्या वेळा दिली होती.

एखादी गोष्ट चालू दिसणे आणि ती खरोखर चालू असणे यांत किती अंतर असू शकते, याचे घरच्या सरावात पुढे सापडलेले एक उदाहरण सविस्तर सांगतो. दोन राउटरांमध्ये ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याचा एक प्रोटोकॉल, चालवायचे होते. एका बाजूच्या इंटरफेसवर मी नेटवर्कचा प्रकार पॉइंट-टू-पॉइंट ठेवला आणि दुसऱ्या बाजूला तो मूळचा ब्रॉडकास्ट तसाच राहिला. या दोन्ही प्रकारांत हॅलोची (खुशालीचा संदेश पाठवण्याची) वेळ १० सेकंद आणि डेडची (संदेश न आल्यास समोरचा गेला असे धरण्याची) ४० सेकंद असते, त्यामुळे दोघांचे सूर जुळले आणि नेबर, म्हणजे शेजारचा राउटर, जोडला गेला. ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ दिली तर दोन्हीकडे फुल, म्हणजे देवाणघेवाण पूर्ण. पूर्वीचा मी असतो तर इथेच टास्कवर बरोबरची खूण करून पुढे गेलो असतो. पण रूटिंग टेबलमध्ये समोरच्या राउटरचा एकही मार्ग नव्हता. डेटाबेस उघडून पाहिला तर त्यात समोरच्या राउटरची माहिती आलेली होती, आणि तिच्याखाली एक ओळ होती की हा जाहीर करणारा राउटर पोहोचण्याजोगा नाही. एक राउटर आपल्या दुव्याचे वर्णन एका पद्धतीने करत होता, दुसरा दुसऱ्या पद्धतीने, आणि दोन्ही वर्णने जोडून नकाशा तयार होत नव्हता.

मी पुन्हा नेबरच्या तक्त्याकडे गेलो आणि या वेळी शब्द न वाचता अक्षर अन् अक्षर वाचले. एका राउटरवर फुलच्या पुढे तिरकी रेघ आणि बीडीआर असे होते. दुसऱ्यावर फुलच्या पुढे तिरकी रेघ आणि नुसती आडवी रेघ होती. पॉइंट-टू-पॉइंटमध्ये डीआर-बीडीआर, म्हणजे प्रमुख आणि राखीव प्रमुख राउटर, निवडले जात नाहीत, म्हणून तिथे आडवी रेघ येते. म्हणजे चूक पहिल्याच तक्त्यात, डोळ्यांसमोर छापलेली होती. मी हजारो वेळा तो तक्ता पाहिला असेन. पण ‘फुल’ हा शब्द दिसला की नजर पुढे सरकायची. हात बसला होता, नजर बसलेली नव्हती, हे मला त्या पहाटे समजले.

त्यानंतर मी नवे काही शिकणे जवळजवळ थांबवले आणि जे येत होते तेच वेगळ्या रीतीने करू लागलो. आता कुठलाही टास्क वाचला की कॉन्फिगच्या आधी मी त्याची तपासणी लिहितो: हे काम पूर्ण झाले असे मी कोणत्या राउटरवर, कोणत्या कमांडने, नेमके काय पाहून म्हणेन? ते एका ओळीत लिहिता आले नाही, तर टास्क मला समजलेलाच नाही असे धरतो आणि पुन्हा वाचतो. जवळजवळ निम्म्या वेळा चूक इथेच सापडते, कारण ‘शाखेची वाहतूक मुख्य दुव्याने जावी’ आणि ‘मुख्य दुवा तुटल्यास राखीव दुव्याने जावी’ या दोन अटींची तपासणी वेगळी असते. दुसऱ्या अटीसाठी दुवा प्रत्यक्ष पाडून पाहावा लागतो. पिंग, म्हणजे चाचणीचा संदेश, पोहोचले एवढ्यावर कोणतीच अट पूर्ण होत नाही. पूर्वी मी टीसीएल या स्क्रिप्टच्या भाषेत एक छोटी लूप लिहून सगळ्या पत्त्यांना पिंग करत असे आणि सगळीकडे उद्गारचिन्हे उमटली की समाधान मानत असे. ती लूप अजूनही वापरतो, पण तिच्यापाठोपाठ ट्रेसराउट आलाच, कारण पिंग पोहोचल्याचे सांगतो, कोणत्या वाटेने पोहोचले ते सांगत नाही.

वाटेचा मुद्दा रीडिस्ट्रिब्यूशनमध्ये, म्हणजे एका प्रोटोकॉलचे मार्ग दुसऱ्यात सोडताना, सर्वांत टोकदार होतो. एका बाजूला ईआयजीआरपी हा रूटिंग प्रोटोकॉल, दुसऱ्या बाजूला ओएसपीएफ, आणि दोहोंच्या सीमेवर दोन राउटर, दोन्ही राउटर दोन्हीकडचे मार्ग पलीकडे सोडतात, ही मांडणी सरावात प्रत्येकाने केलेली असते. ईआयजीआरपीत बाहेरून आलेल्या मार्गाचे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (मार्ग किती भरवशाचा याचा आकडा, लहान तो वरचढ) १७० आणि ओएसपीएफचे ११०. पहिल्या राउटरने असा बाहेरचा मार्ग ओएसपीएफमध्ये सोडला की तो फिरून दुसऱ्या राउटरपर्यंत पोहोचतो. त्याच्याकडे तोच मार्ग ईआयजीआरपीतून सरळही आलेला असतो, पण ११० हा आकडा १७० पेक्षा लहान असल्यामुळे तो ओएसपीएफची लांबची वाट धरतो, आणि वर तीच वाट पुन्हा ईआयजीआरपीत सोडतो. यावरचा ठरलेला उपाय म्हणजे मार्गाला टॅग लावणे आणि पलीकडच्या टोकाला तो टॅग असलेला मार्ग अडवणे. मीही तोच घोकला होता. पण टॅगने फक्त फेरा थांबतो. दुसरा राउटर तरीही लांबच्याच वाटेने जात राहतो, आणि ते सुधारायचे तर त्या मार्गाचे डिस्टन्स बदलावे लागते. शिवाय कोणता राउटर कोणती वाट धरेल हे कोणाला कोणता मार्ग आधी कळला यावर ठरते, त्यामुळे मी ज्या क्रमाने कॉन्फिग टाकली त्या क्रमात सगळे बरोबर दिसते आणि राउटर एकदा रीलोड झाले की चित्र पालटते. म्हणून आता सरावात मोठा टप्पा पूर्ण झाला की मी कॉन्फिग साठवतो, सीमेवरचे राउटर रीलोड करतो आणि चहा घेऊन येऊन तीच तपासणी पुन्हा पहिल्यापासून करतो. दोन महिन्यांत चार वेळा तरी चहाआधीचे आणि चहानंतरचे चित्र वेगळे निघाले आहे.

नजर बसवण्याचा सर्वांत चांगला मार्ग मात्र मला एका मित्रामुळे सापडला. तो नागपूरला असतो आणि हीच परीक्षा देणार आहे. आम्ही दर रविवारी एकमेकांना बिघाड घालून देतो. एकच बारा राउटरांची मांडणी दोघांकडे आहे. तो तिच्यात काही बिघाड पेरून फाइल पाठवतो, मी त्याला पाठवतो. किती बिघाड आहेत हे सांगायचे नाही, आणि कॉन्फिग पूर्ण वाचून शोधायचे नाही, हे दोन नियम आहेत. कॉन्फिग वाचून चूक शोधण्याची सवय घरी परवडते. पाच तासांच्या परीक्षेत, डझनावारी उपकरणांवर, ती परवडत नाही. लक्षणापासून सुरुवात करून एकेक थर वगळत जावे लागते. एकदा त्याने एका टनेलच्या एका टोकाला आयपी एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १४०० ठेवला आणि दुसऱ्या टोकावरून ती ओळच काढून टाकली. ओएसपीएफचा नेबर एक्सस्टार्ट या सुरुवातीच्या अवस्थेत अडकून राहिला. हे लक्षण पाहिल्याबरोबर एमटीयू आठवला आणि दोन मिनिटांत तो बिघाड दुरुस्त झाला; पण त्या आनंदात त्याच टनेलवर त्याने पेरलेला दुसरा बिघाड माझ्या नजरेतून सुटला. तेव्हापासून आमचा एक अलिखित नियम झाला आहे: एक बिघाड सापडला की त्याच जागी आणखी एकदा पाहायचे. दुसऱ्याने मोडलेले दुरुस्त करण्यापेक्षा दुसऱ्यासाठी बिघाड घडवताना मी अधिक शिकतो, हेही नमूद केले पाहिजे, कारण लक्षण एक आणि कारण दुसरेच असा बिघाड रचायचा तर प्रोटोकॉल आतून समजलेला असावा लागतो.

डिझाइनच्या भागासाठी मला वेगळीच तयारी करावी लागली. माझे शालेय शिक्षण सातारा जिल्ह्यात मराठी माध्यमातून झाले. तांत्रिक इंग्रजी मला व्यवस्थित येते, परंतु तीन तास सलग लांबलचक इंग्रजी ईमेल वाचून त्यांतला एखादा नकळत टाकलेला निर्बंध पकडणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते कोणत्याही वर्कबुकात शिकवलेले मला आढळले नाही. मी कार्यालयातल्या जुन्या प्रकल्पांचे, मला पाहण्याची परवानगी असलेले, गरजांचे दस्तऐवज वाचायला घेतले. प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने लिहायचे: ही गरज आहे, हा निर्बंध आहे, की लिहिणाऱ्याने गृहीत धरलेली गोष्ट आहे. ‘शाखांमधील सध्याचे राउटर या वर्षी बदलता येणार नाहीत’ असे एक वाक्य पाचव्या पानावर असते आणि त्यामुळे पहिल्या पानावर सुचलेले सुंदर उत्तर बाद होते. सुरुवातीला एका तासात मी दमून जात असे. आता तीन तास बसू शकतो आणि वाचताना मनातल्या मनात वाक्याचे मराठी करून पाहतो. मराठीत ज्याचा अर्थ धड सांगता येत नाही ते वाक्य मला कळलेले नाही, ही खूण फार उपयोगी पडली आहे.

स्वयंचलनाच्या, म्हणजे नेटवर्कची कामे प्रोग्रामने करून घेण्याच्या, भागाबद्दल थोडक्यात सांगतो. पायथन, नेटकॉन्फ आणि एपीआय यांना घाबरण्याचे कारण नाही. रोज अर्धा तास असा तीन महिने सराव पुरला. एसडी-वॅनचे, म्हणजे शाखांमधले दुवे सॉफ्टवेअरने सांभाळणाऱ्या तंत्राचे, कंट्रोलर घरच्या सर्व्हरवर कसेबसे मावतात. एसडी-ॲक्सेस, म्हणजे कार्यालयाच्या आतल्या नेटवर्कसाठीचे तसेच तंत्र, मात्र घरी उभे करणे मला जमले नाही, म्हणून त्यासाठी उपकरणांचे भाड्याचे रॅक घेतले आणि त्या तासांआधी प्रत्येक पायरी कागदावर लिहून नेली.

एका गोष्टीबद्दल स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. पहिल्या प्रयत्नाआधी एका प्रशिक्षण संस्थेने मला ‘खरी लॅब’ या नावाने तयार प्रश्न आणि तयार उत्तरे विकत देऊ केली होती. आमच्या क्षेत्रात याला सरळ डम्प म्हणतात आणि अनेकांना ती चूक वाटतच नाही. मी नकार दिला आणि नापास झालो, तेव्हा दोघा-तिघांनी मला समजावले की शहाणपणा करायला नको होता. मला तो शहाणपणा वाटत नाही, साधा व्यवहार वाटतो. मी ज्या नेटवर्कवर काम करतो त्यावर रुग्णालये आहेत, पतसंस्था आहेत. मध्यरात्री दोन वाजता तिथला बीजीपी पडतो तेव्हा त्याचे उत्तर कुठल्या फाइलमध्ये लिहिलेले नसते. ज्या सवयीसाठी मी पहाटे उठतो ती सवय मला त्या दोन वाजताच्या फोनसाठी हवी आहे, आणि ती आलेलीही आहे. हल्ली कामावरही बदल करण्याआधी मी तपासणी लिहितो, बदलाआधीचे आउटपुट साठवतो आणि दूरच्या राउटरवर ‘रीलोड इन’ (ठरलेल्या वेळेनंतर राउटर आपोआप पुन्हा सुरू करणारी कमांड) लावल्याशिवाय रूटिंगला हात लावत नाही. गेल्या सहा महिन्यांत माझा एकही बदल मागे घ्यावा लागलेला नाही.

आता पाच आठवडे उरले आहेत. पहिले तीन आठवडे दर शनिवारी पूर्ण आठ तासांची लॅब करेन, मध्ये जेवणाची सुट्टी धरून, कारण आठ तास बसण्याची शरीराला सवय नसेल तर सहाव्या तासाला नजर सर्वांत आधी साथ सोडते. पत्नीने त्या दिवशी मुलीला तिच्या आजीकडे नेण्याचे कबूल केले आहे. चौथ्या आठवड्यात फक्त चुकांची वही वाचेन. तिच्यात सध्या २१४ नोंदी आहेत आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक नोंदी ‘दिसत होते, पण पाहिले नाही’ या एकाच प्रकारच्या आहेत. शेवटच्या आठवड्यात सर्व्हर बंद ठेवणार आहे. गाडीचे तिकीट काढले आहे, या वेळी एक दिवस आधीचे नव्हे तर दोन दिवस आधीचे.

नागपूरहून कालच रविवारची फाइल आली आहे. सोबत एवढेच लिहिले आहे की सगळे नेबर फुल आहेत.